लाल टाका

आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये घडलेली एक गोष्ट मी कित्येक वर्षं हसत हसत सांगत आलो. एका शेठने दिल्लीहून जीन्सचा एक सॅम्पल पीस आणला आणि माझ्या टेबलावर टाकला. "मास्टर, सेम टू सेम चाहिए साईं. एक धागा भी इधर का उधर नहीं." मी तो पीस उसवला, कागदावर उतरवला, थर लावून कापला, कारागिरांनी शिवला, माल गेला. आठ दिवसांत शेठ डोक्याला हात लावून परत. सॅम्पलचा मागचा डावा खिसा कुणीतरी घाईत तिरका लावला होता आणि आमच्या अख्ख्या लॉटचा डावा खिसा तिरका गेला होता. मी म्हटलं, शेठ, सेम टू सेम तुम्हीच म्हणालात ना? कारखाना पोट धरून हसला. लग्नात, बारशात, विहाराच्या पायरीवर, कुठे कुठे मी ही गोष्ट सांगितली असेल. हल्ली सांगवत नाही.

मी जीन्सचा कटिंग मास्तर. माझं खरं नाव रेशनकार्डाला ठाऊक, बाकी गल्लीत आणि सासुरवाडीलासुद्धा मी मास्तरच. माझी बायको त्याच कारखान्यात चेकर होती. चेकर म्हणजे तयार पीस उलटा करायचा, शिलाईवरून बोट फिरवायचं, लोंबणारे धागे छाटायचे आणि चूक दिसली की खडूने फुली मारून पीस परत फेकायचा. तिच्या बोटाखालून काही निसटायचं नाही. लग्नाआधी तिने माझ्या टेबलावरचे किती पीस परत पाठवले असतील, आणि मी किती वेळा भडकलो असेन. माझं डोकं लवकर तापतं, ते आधीच सांगून ठेवतो. ती मात्र शांतपणे म्हणायची, "ओरडा, पण उसवा."

तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या, मग किमो, मग किरणांचा शेक. सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता काही दिसत नाही. आम्ही विहारात खीर वाटली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. काखेतून जे काढलं त्याचं पुढे काय, हे विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. जीव वाचला होता, काखेची कोण चौकशी करतो?

वर्षभराने एके दिवशी ती ब्लाऊज घालता घालता म्हणाली, "हा आटला वाटतं."

"माझ्या हातचा ब्लाऊज आटत नसतो," मी म्हटलं. तोरा केवढा! गळ्यात टेप होताच. तिच्या दोन्ही दंडांना लावला. डावा भरला दहा इंच. उजवा भरला साडेअकरा. मी परत मोजलं. मग टेप उलटा धरून मोजलं. मापात मी चुकत नाही, आणि त्या दिवशी चुकलो असतो तर फार बरं झालं असतं.

अंबरनाथला एका धर्मादाय दवाखान्यात बुधवारी अशा सुजलेल्या हातापायांची ओपीडी असते. तिथल्या फिजिओ मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बायकोच्या हातावर अंगठा दाबून धरला, दहा आकडे मोजले आणि उचलला. अंगठ्याच्या जागी खड्डा. आम्ही बघत राहिलो, तो खड्डा काही भरेना.

मॅडमनी समजावून सांगितलं. रक्ताला पंप आहे, हृदय. पण अंगात आणखी एक पाणी फिरतं, रक्तातून झिरपलेलं. त्यात प्रोटीन असतं, मेलेल्या पेशी, जंतू, सगळा गाळ असतो. त्याला स्वतःचा पंप नाही. केसासारख्या बारीक नळ्या ते हळूहळू वर ओढतात, आपण हात हलवला की पुढे ढकलतात, आणि काखेतल्या गाठी ते गाळून परत रक्तात सोडतात. "तुमच्या मिसेसच्या त्या गाठी काढल्यात, उरलेल्या शेकाने आखडल्यात. पाणी येतंय, जायला वाट नाही. ह्याला लिम्फेडिमा म्हणतात."

मला ते लगेच कळलं. वालधुनी नदीच्या काठाला आम्ही राहिलोय. मोरी तुंबली की गल्लीतलं पाणी कुठे जात नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. मी विचारलं, "मग मोरी साफ करा ना मॅडम."

"ती परत होत नाही, मास्तर. काही ठिकाणी त्याची ऑपरेशनं करतात, पण सगळ्यांना लागू पडत नाहीत. आपण पाण्याला दुसऱ्या वाटेने न्यायचं. रोज. आयुष्यभर."

आयुष्यभर हा शब्द त्या इतक्या साधेपणाने बोलल्या की बायकोने मान डोलावली. मला मात्र तो घरी येईपर्यंत टोचत राहिला.

मग सुरू झालं ते. सकाळी साबणाने हात धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, क्रीम लावायचं. मालिश करायची, पण पीठ मळल्यासारखी नाही, नुसती कातडी सरकेल इतक्या हलक्या हाताने, आधी मान, मग छाती, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. मोरीचं पुढचं तोंड मोकळं केल्याशिवाय मागचं पाणी ढकलायचं नाही. मग बोटांपासून दंडापर्यंत पट्ट्यांचे थर. सूज उतरली की दवाखान्यातून मिळालेली कातडीच्या रंगाची घट्ट बाही, मनगटापासून काखेपर्यंत. त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, बांगडी नाही. डास चावता कामा नये, तव्याचा चटका बसता कामा नये. "त्या पाण्यात जंतू गेला," मॅडम म्हणाल्या, "तर त्याला अडवणारं तिथे कोणी नाही. तासातासाला पसरतो. ताप आला, लाली दिसली, तर सकाळची वाट बघायची नाही." हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोनदा सांगूनही मी जे केलं ते केलं.

सहा-सात महिने सगळं बरं चाललं. मग धुऊन धुऊन ती बाही ढिली पडली. नवीन बाही मापावर मागवावी लागते. मॅडमनी माप घेतलं, म्हणाल्या, तीन आठवडे लागतील, तोवर पट्ट्या बांधा. दसरा पाच दिवसांवर आला होता.

दसऱ्याला आमच्या विहारात पुढे उभं राहून वंदना घ्यायचा मान बायकोचा. तिचा आवाज ठणठणीत आहे. आजारपणातही तिने तो कधी चुकवला नाही. पांढरी साडी, मनगटापर्यंत बाह्यांचा पांढरा ब्लाऊज, आणि दोन्ही हात जोडलेले. पट्ट्यांचा हात ब्लाऊजमध्ये जाईना. पट्ट्या सोडल्या तर संध्याकाळपर्यंत हात भरून यायचा. ती पलंगावर बसून साडीची घडी चाळवत होती. म्हणाली, "यंदा मी मागे बसते. लोक उगाच विचारतात, हाताला काय झालं."

हे मला सहन झालं नाही. खरं सांगतो, त्या बाईने किमोत केस गेले तेव्हासुद्धा मागे बसते म्हटलं नव्हतं. मी तिची जुनी बाही हातात घेतली, उलटी केली, ताणून बघितली. "ह्यात काय आहे एवढं? एक नळीच तर आहे."

"अहो, नको. मॅडमना विचारा तरी."

"मॅडम पट्ट्या बांधतात. कपडा मी बांधतो. उल्हासनगरात काय बनत नाही?"

आता बाहीत मी काय काय केलं ते नीट सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. कारखान्यात लायक्राचं जाड कापड पडलं होतं, दोन्हीकडे ताणणारं. जुन्या बाहीला शिलाई नव्हतीच, ती विणलेली होती. माझ्याकडे विणायचं मशीन नाही, म्हणून मी आतल्या बाजूने ओव्हरलॉकची जाड शिवण टाकली. जुनी बाही मनगटाला काचते अशी बायकोची तक्रार होती, म्हणून मनगटाला अर्धा इंच सैल सोडलं. आणि ती दंडावरून सारखी खाली सरकायची, म्हणून वर, काखेच्या खाली, कमरपट्ट्याला लावतो तसं इलॅस्टिक घातलं. जिथे काचतं तिथे सैल करायचं, जिथे सरकतं तिथे आवळायचं. पंचवीस वर्षं हेच केलंय. शेवटी इलॅस्टिकचा जोड पक्का करताना निळा धागा संपला. मशीनला लाल होता, त्यानेच दोन टाके मारले. आतली बाजू, कोण बघतंय.

बायकोला दिली. तिने सवयीने उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं, लाल टाक्यावर बोट थांबलं. "हे काय?"

"खूण. कंपनीची."

ती हसली. म्हणाली, "पास."

दसऱ्याला ती पुढे उभी राहिली. ब्लाऊजच्या पांढऱ्या बाहीखाली ते काही कळत नव्हतं. तिने हात जोडले, आवाज लावला, आणि मी मागच्या रांगेत छाती फुगवून उभा. तुम्हाला काय सांगू, स्वतःवर इतका खूश मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

पुढच्या बुधवारी दवाखान्याच्या बाकावर बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. माझ्या बायकोने काही सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं. मला राहवतंय होय! एक शहाडची होती, पॅकिंगच्या कामाला जाणारी. एक सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमधली. आणि एक आजी होत्या, वांगणीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या. त्यांचं दुखणं हाताचं नाही, पायाचं. हत्तीपाय. फार वर्षांपूर्वी डासाने अंगात किडे सोडले, औषधाने किडे मेले, पण तोवर पायातल्या त्या बारीक नळ्यांची वाट लागली होती. आजींचा पाय गुडघ्याखाली घडीघडीचा झाला होता आणि त्या तो लुगड्यात लपवून बसायच्या.

तिघींची मापं मी बाकावरच घेतली. आजी लाजत होत्या. म्हटलं, "आजी, मी टेलर आहे, माझ्यासमोर कसली लाज?" तिघींचे पीस शिवले. वरती इलॅस्टिक, आत शिवण, आणि जोडावर लाल टाका, कारण आता ती माझी खूणच झाली होती. मॅडम आत पेशंट तपासत होत्या आणि मी बाहेर माल वाटत होतो. आजींना पायमोजा दिला तेव्हा त्यांनी पिशवीतून दोन गावठी काकड्या काढून माझ्या हातात ठेवल्या. "ह्यो कवा घालाचा न् कवा काढाचा?"

"जितका जास्त घालाल तितका फायदा," मी ठोकून दिलं.

दिवाळीला दहा-बारा दिवस असतील. दुपारी जेवताना बायको म्हणाली, थंडी वाजतेय. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तिचे दात वाजायला लागले. मी बाही काढली तर काखेखाली इलॅस्टिकचा खोल वळ, आणि त्याच्या खालचा सगळा हात ताणून चकचकीत झालेला. मनगट आणि बोटं, जी आधी कधी सुजली नव्हती, ती टम्म. कोपराच्या आतल्या बाजूला माझ्या शिवणीने घासून कातडी सोलली होती. तिथून लाली निघाली होती, तळहाताएवढी.

"कधीपासून घासतंय?"

"चार-पाच दिवस."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

"तुम्ही एवढं खूश होता," ती म्हणाली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी निळा पेन काढला आणि लालीच्या कडेने रेघ मारली. ही रेघ ओलांडते का बघायचं, म्हणाले. कापडावर रेघा मारण्यात माझा जन्म गेला. मी मारली ती रेघ म्हणजे कात्री तिथेच थांबणार. ही रेघ तासाभरात मागे पडली. डॉक्टरांनी दुसरी मारली. संध्याकाळपर्यंत तीही मागे पडली आणि लाली दंडावर चढली. ताप एकशे चारवर गेला. बायको बरळत होती, पण नर्स सलाईन घेऊन आली की उजवा हात पोटाशी ओढून घ्यायची आणि स्पष्ट सांगायची, "ह्या हाताला सुई नाही. डाव्याला." डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, जंतू रक्तात गेला तर आपल्या हातात फार राहणार नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. कॅन्सरमधून ओढून आणलेली बाई मी एका नळीने मारतोय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी लाली रेघेवर थांबली. चौथ्या दिवशी मागे हटली. मॅडम बघायला आल्या. त्यांनी बाही मागितली, उलटी केली, इलॅस्टिक बोटावर ताणलं. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो आणि बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही पँट शिवता, कमरेला घट्ट आणि खाली सैल. हो ना? इथे उलटं असतं. मनगटाला सगळ्यात घट्ट आणि वर जाईल तसं सैल. त्यानेच पाणी वर चढतं. तुम्ही ज्या वाटेने पाणी जायचं तिथेच दोरी बांधलीत."

पंचवीस वर्षं मी कपडा अंगाला बसवत आलो. हा कपडा अंगाला नुसता बसायचा नसतो, त्याला आत काम असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणावं तर तेही खोटं. मी विचारलंच नव्हतं.

"अजून तीन आहेत," मी म्हटलं.

मॅडमनी हातातली बाही खाली ठेवली. "कोणाला दिल्यात?"

मी सांगितलं. शहाडची आणि सोनिवलीची ऐकून त्यांनी नंबर लिहून घेतले. आजींचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "त्यांच्याकडे आता कापणी चालू आहे. भातात अनवाणी उभ्या राहत असतील. बेचक्यांत जखमा असणार. मास्तर, तो मोजा काढा त्यांचा. काहीही करून."

बायको पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. मॅडम गेल्यावर मी कपाळ बडवून घेतलं. ती म्हणाली, "एकट्याने घेऊ नका अंगावर. मी पास केला होता."

शहाडच्या बाईने बाही घातलीच नव्हती, खाज येते म्हणाली. मी तिच्या दारातच तिच्या पाया पडणार होतो. सोनिवलीच्या बाईची बोटं फुगली होती, पण कातडी शाबूत होती. तिला त्याच दिवशी मॅडमकडे पोचवलं. आजींचा नंबर म्हणजे मुलाचा मोबाईल, तो लागेना. मी हॉस्पिटलच्या जिन्यातून दिवसातून दहा-दहा वेळा लावायचो. मॅडमनी तिकडच्या आरोग्य केंद्रात निरोप ठेवला, पण दिवाळीच्या सुट्ट्या. बायकोला घरी सोडलं ते दिवाळीच्या आदल्या दिवशी. तिला उभं राहवत नव्हतं, तिला टाकून जाववेना. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या तर तीही साडी नेसून तयार.

"तू कुठे?"

"आजी तुमचं ऐकणार नाहीत. माझा हात बघतील तर ऐकतील."

रिक्षा पाड्याच्या अलीकडे थांबली, पुढे चालत. वाटेतली निम्मी घरं बंद होती, दारांना काट्या लावलेल्या. आजी ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि पायात माझा मोजा होता. मला बघून त्यांचं तोंड उजळलं.

"मास्तर! बेस हाय तुमचा मोजा. वरती लय आवळतं बघा. आवळतं म्हंजे काम करतं."

मी खाली बसलो. मोज्याच्या वर, गुडघ्याखाली, मांसाची वळी आली होती. मोज्याबाहेरची बोटं फुगून काळपट झाली होती, बेचक्या पांढऱ्या आणि ओल्या. वास येत होता.

"रात्री काढता ना आजी?"

"नाय काढत. तुमीच बोलला ना, घालाल तेवडा फायदा."

बायको त्यांच्याजवळ टेकली, पदर सारला आणि पट्ट्या सोडून आपला हात त्यांच्या मांडीवर ठेवला. इलॅस्टिकचा वळ अजून काळा होता, कोपराची जखम अजून ओली होती. "ह्यांनीच शिवलेलं, आजी. आठ दिवस हॉस्पिटलात होते मी." आजींनी त्या वळावरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि पाय पुढे केला. मी कात्रीने मोजा वरून खालपर्यंत कापला. कापड फाकलं तेव्हा त्या हुंकारल्या, बरं वाटल्यासारख्या. पाय गरम होता, पण लाली चढलेली नव्हती. वेळेत आलो, मी मनात म्हटलं. देवाधर्माचं मी फार करत नाही, पण त्या क्षणी हात जोडले.

तेवढ्यात बायकोने मला हाक मारली. ती अंगणाच्या कडेला वाळत घातलेल्या कपड्यांपाशी उभी होती. दोरीवर दोन पायमोजे होते. कापड माझं नव्हतं, जुन्या टी-शर्टचं होतं. तिने डाव्या हाताने एक ओढून घेतला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. बोट वरच्या जोडावर थांबलं.

"अहो, बघा."

इलॅस्टिक माझ्यापेक्षा अरुंद, माझ्यापेक्षा घट्ट. आणि जोडावर दोन टाके, लाल.

आजींची सून घरातून हसत आली. बचत गटाचं मशीन होतं तिच्याकडे, शिलाईचा क्लास केला होता. "मीच शिवलं, दादा. आमच्याकडं लय बायांचे पाय असं हायत. तुमच्या मोज्यावरना उतारलं. अगदी तसंच झालं का नाय? लाल टाका पन नाय इसरले."

लाल टाका पण नाही विसरली. ती माझ्यापेक्षा चांगली कारागीर होती.

बायकोने विचारलं, "किती शिवलेस?"

"ह्ये दोन राहिलं. चार देलं. त्या बाया काल गेल्या ना भट्टीवर, इटा पाडाला. आता पावसाच्या तोंडावर येतील."

"कुठल्या भट्टीवर?"

"भिवंडीकडं का पनवेलीकडं. ट्रक आला, बसल्या. मुकादमाला ठावं."

मुकादमाचा नंबर तिच्याकडे नव्हता. पाड्यावर जे उरले होते त्यांच्याकडेही नव्हता. आम्ही ते दोन्ही मोजे उसवले, बायकोने आणि मी, ओट्यावर बसून. सून बाजूला उभी राहून बघत होती, आधी रागाने, मग बायकोने कारण सांगितल्यावर रडत. आजी तिला जवळ घेऊन म्हणत होत्या, तुला काय ठावं, बाय. मी ऐकत होतो. मला कोणी तसं म्हणू शकत नव्हतं.

मॅडम आता महिन्यातून एकदा त्या पाड्यावर जातात. आजी साबणाने पाय धुतात, उंचावर ठेवून झोपतात, पट्टी सुनेकडून बांधून घेतात. त्यांचं ठीक आहे. बायकोचा हात आधीसारखा झाला नाही. प्रत्येक ताप उरलेल्या नळ्यांतल्या काही जाळून जातो म्हणे. सकाळी मी अंगठा दाबतो, दहा मोजतो. मनगटापाशी आता खड्डा पडत नाही. पूर्वीचा मी असतो तर पेढे वाटले असते. खड्डा पडत नाही म्हणजे आतलं पाणी घट्ट व्हायला लागलंय, हे आता मला माहीत आहे. मी पट्टी बांधतो, ती बोट फिरवून तपासते, सैल असेल तर म्हणते, "उसवा."

सुट्टीच्या दिवशी मी भट्ट्या हिंडतो. भिवंडीकडच्या झाल्या, आता पनवेलकडच्या. विटा वाहणाऱ्या बायकांच्या पायांकडे बघत उभा राहिलेला म्हातारा, लोकांना काय वाटत असेल ते वाटू दे. दोनदा हाकलून दिलंय, एकदा मार खाता खाता वाचलो. मी प्रत्येकीला तेच विचारतो, "मावशी, लाल टाक्याचा पायमोजा आहे का तुमच्याकडे?" अजून एकीनेही हो म्हटलेलं नाही.